अटलांटिकवरची अंगारकी

"मॅडम, विमानाला किती तास लागतात?" हा प्रश्न मला सत्तावीस वर्षांत किती वेळा विचारला गेला त्याची मोजदाद नाही. दर वेळी मी उलट विचारते, "कुणाच्या घड्याळानं?" समोरचा माणूस गोंधळतो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

मी बीडमध्ये विमानाची तिकिटं काढून देते. आज याचं कुणाला काही वाटणार नाही, पण मी सुरुवात केली तेव्हा आमच्या गावात रेल्वेसुद्धा नव्हती. रेल्वेत बसायचं तर परळी गाठावी लागे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा एसटीडी बूथ होता. ह्यांनी त्यातच पुण्या-मुंबईच्या खाजगी बसची बुकिंग सुरू केली, आणि मी औरंगाबादला एका तिकीट एजंटाच्या ऑफिसात सहा महिने बसून विमानाचं काम शिकून आले. गल्लीत चर्चा झाली. बीडमधून विमानानं जाणार कोण, ह्या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पाच वर्षांनी त्याच चर्चा करणाऱ्यांची पोरं हैदराबाद, पुणे करत करत अमेरिकेला गेली आणि आई-बापांची तिकिटं काढायला माझ्याच बाकड्यावर येऊन बसली. मी त्यांना चहा पाजला, तेवढं पुरे होतं.

लोक हमखास विचारतात, तुम्ही स्वतः कितीदा गेलात? एकदाही नाही. मुंबईच्या विमानतळाच्या काचेपर्यंत तीनदा गेले आहे, काचेच्या पलीकडे नाही. आमचं परदेशात कुणी नाही आणि हौसेनं जाण्याइतकी सवड कधी मिळाली नाही. याची खंत आहे. पण कुठलं विमान किती वाजता कुठं टेकतं आणि तिथं तेव्हा ऊन असतं की अंधार, हे मला झोपेतून उठवून विचारा.

दुकानात माझ्या टेबलावर एक पृथ्वीचा गोल असतो आणि त्याला एक दोरा बांधलेला असतो. माझ्या धंद्याचं हत्यार म्हणाल तर तेच. भिंतीवरच्या नकाशात लंडनहून न्यूयॉर्कला सरळ रेघ मारता येते, मग विमान वर बर्फाळ मुलखाकडून वळसा का घेतं, असं लोकांना वाटतं. एका आजोबांनी तर समोरच्या स्क्रीनवर तो वळसा पाहून, पायलट रस्ता चुकला म्हणून हवाई सुंदरीला हाक मारली होती. गोलावर दोरा ताणून दाखवला की कळतं. वळशाचा वाटणारा रस्ताच जवळचा. ते अंतर साडेपाच हजार किलोमीटर. जाताना आठ तास, येताना सात, कधी त्याहून कमी.

या एका तासावरून माझ्याशी कडाकडा भांडलेले एक गृहस्थ आहेत. मोठे बागायतदार, गावचं राजकारण त्यांच्या ओसरीवर चालायचं. मुलाकडं जाऊन आले आणि थेट दुकानात. म्हणाले, जाताना आठ तास बसवलं, येताना पावणेसात तासांत उतरवलं, मग भाडं सारखंच कसं? मी सांगितलं, दादा, वरती खूप जोराचं वारं असतं, पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतं. जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. अंतर तेच असतं. ते म्हणाले, वारं तर फुकट हाय, मग त्याचा फायदा त्यांना कावून? पुढं त्यांनी दोन निवडणुकांच्या भाषणांत हा मुद्दा मांडला असं ऐकलं.

आता एक चूक सांगते, जी माझ्या जिवाला लागली. आमच्याकडची मोठी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर लिहिलेलं असतं, मंगळवार, रात्री बारा चाळीस. पण आपल्याकडं सूर्य उगवल्याशिवाय वार बदलत नाही. रात्री एक वाजतासुद्धा आपण सोमवारची रात्रच म्हणतो. गणिताचे एक निवृत्त शिक्षक, शिस्तीचा माणूस, मंगळवारी रात्री सगळ्यांना नमस्कार करून दहा वाजता विमानतळावर हजर झाले. विमान आदल्या रात्रीच गेलेलं. ते भावाच्या साठीशांतीला निघाले होते. दुसरं तिकीट मिळून पोचले तोवर शांत उरकली होती. परत आल्यावर मला शांतीचा प्रसाद आणून दिला. तेच जास्त लागलं. तेव्हापासून प्रत्येक तिकिटावर मी लाल पेनानं लिहिते: सोमवारी दुपारी बीड सोडा, सोमवारी रात्री विमान. नंतर एकही माणूस या कारणानं चुकला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

आणि तरीही मी स्वतः त्याच खड्ड्यात पडले. तीच गोष्ट सांगायला खरं तर लिहायला बसले आहे.

सुंदराबाई चौसाळ्याजवळच्या एका गावच्या. नवरा-बायकोनं मिळून बावीस हंगाम ऊस तोडला. कोयता, मोळी, ट्रक, कारखान्याच्या माळावरची खोपी. मुलगी मनीषा वसतिगृहात राहून शिकली, इंजिनियर झाली, लग्न होऊन न्यूयॉर्कजवळ राहायला गेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण डॉक्टरांनी तिला विमानात बसू नको म्हणून सांगितलेलं. म्हणून माहेरच तिच्याकडं निघालं होतं. एकटं. नवऱ्याचे गुडघे गेलेले आणि व्हिसा एकीलाच मिळालेला. जावयानं फोनवर तारखा सांगितल्या, मी मुंबई-लंडन-न्यूयॉर्क असं तिकीट काढलं.

भाषा न येणाऱ्या एकट्या बाईसाठी आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. ती धडधाकट असली तरी तिच्या नावानं चाकाची खुर्ची मागायची. मग विमानतळावरचा माणूस तिला खुर्चीत बसवून एका विमानातून दुसऱ्या विमानापर्यंत नेऊन पोचवतो, चुकायचा प्रश्नच नाही. मी हे सुंदराबाईंना सांगितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "ताई, मी डोक्यावर मोळी घिऊन ट्रकात चढलेली बाई. मला खुर्चीत ढकलत न्हेलेलं गावात कळलं तर काय म्हनतील?" मी म्हटलं, लंडन तुमच्या गावात येत नाही, कुणाला कळत नाही. खूप वेळ मनधरणी केली तेव्हा तयार झाल्या, तेही नवऱ्याला सांगायचं नाही या अटीवर. नवरा शेजारीच बसला होता. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

मग नेहमीचं सामान दिलं. गळ्यातल्या पाकिटात इंग्रजी चिठ्ठी: या बाईंना फक्त मराठी येतं, खुर्ची ढकलणाऱ्यांनी कृपा करून खालच्या नंबरवर एक मिस कॉल द्यावा. तो नंबर माझा. आणि मनगटावर घड्याळ. त्यांना साखरेचा त्रास, गोळी रोजची, म्हणून मी माझंच जुनं घड्याळ त्यांच्या हातावर बांधलं आणि बजावलं की कुणीही काहीही सांगितलं तरी काटे हलवायचे नाहीत. पोचेपर्यंत तुमच्या हातावर बीडचीच वेळ राहिली पाहिजे. तिकिटावर लाल पेनानं लिहिलं, सोमवारी दुपारी निघा. कॅलेंडरमध्ये सोमवारचा चौकोन पाहिला, अमावास्या नाही, काही नाही. सोमवारी दुपारी सुंदराबाई गाडीत बसून मुंबईला गेल्या. विमान रात्री अडीचचं.

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं. रोज फुलं देणारी बाई आज दुर्वांची जुडीपण ठेवून गेली. मी विचारलं, आज काय? म्हणाली, अंगारकी की वो. मी कॅलेंडरकडं पाहिलं. मंगळवारच्या चौकोनात गणपती बसला होता, खाली चंद्रोदय सव्वानऊ. अडीचचं विमान म्हणजे मंगळवारचं विमान. जगाला मी लाल पेनानं शिकवत आले आणि स्वतः मात्र सोमवारचा चौकोन बघून मोकळी झाले.

सुंदराबाईंच्या नवऱ्याला फोन लावला. त्या चतुर्थी धरतात का? ते म्हणाले, "धरती म्हंजी? आज एकविसावी हाय तिची." मग सगळं कळलं. मनीषाचं दोनदा पोटातच गेलं होतं. तिसऱ्या वेळी दिवस राहावेत आणि सुखरूप सुटका व्हावी म्हणून सुंदराबाईंनी गावच्या गणपतीपुढं एकवीस संकष्ट्यांचा नवस बोलला होता. पाणी आणि कोरा चहा सोडून काही नाही, चंद्र पाहून नैवेद्य दाखवायचा, मगच घास. वीस झाल्या होत्या. मध्ये एका श्रावणात ढग हटेनात तर त्या उपाशीच बसून राहिल्या आणि अकराच्या सुमाराला अंगणातच कोसळल्या होत्या. साखर उतरलेली. चौसाळ्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावून ताकीद दिली की कॅलेंडरातली वेळ झाली की खायचं, चंद्र दिसो न दिसो, पुढं मी जबाबदार नाही. मी म्हटलं, मग आता तुम्ही त्यांना सांगाल का? ते म्हणाले, "ती माझं ऐकायची न्हाई. देवाच्या बाबतीत ती कुनाचंच ऐकत न्हाई."

मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. शेवटचं जेवण सोमवारी रात्री वाटेतल्या धाब्यावर. मुंबई ते लंडन दहा तास, आपल्या दुपारी साडेबाराला टेकणार, तिथं सकाळचे सात. पाच तास थांबा. आपल्या साडेपाचला पुढचं विमान, खाली नुसता समुद्र, आठ तास. न्यूयॉर्कला उतरतील तेव्हा बीडमध्ये रात्रीचा दीड वाजलेला आणि तिथं मंगळवारचेच दुपारचे तीन. लख्ख ऊन. तिथला चंद्र उगवणार तिथल्या रात्री नऊला, म्हणजे आपल्या बुधवारी सकाळी साडेसातला. सोमवारच्या जेवणापासून मोजले तर छत्तीस तास. साखरेची गोळी घेऊन छत्तीस तास उपाशी. जी बाई अकरा वाजता अंगणात कोसळते ती तेव्हा कुठं असेल? समुद्रावर. किंवा त्याआधीच लंडनला. तिथं चक्कर आली तर दवाखान्यात नेतील, विमान निघून जाईल, आणि तिकडं मनीषाला कुठल्याही दिवशी कळा सुरू होणार. मनीषाला फोन करावा, तर तिकडं मध्यरात्र आणि पोरगी पोटुशी. तिला हे ऐकवायचं माझं धाडस झालं नाही.

डबा तसाच ठेवला. हातात फोन घेऊन बसून राहिले. साडेबारा झाले, दीड झाला. माझ्या सगळ्या युक्त्यांचा भरवसा आता लंडनच्या एका अनोळखी माणसाच्या मिस कॉलवर होता. दोनच्या पुढं फोन वाजला आणि बंद पडला. मी लगेच उलट लावला. खुर्ची ढकलणाऱ्या एका पंजाबी मावशीनं उचलला आणि सुंदराबाईंच्या हातात दिला.

त्या खुशीत होत्या. सुखरूप पोचल्या होत्या, खुर्ची लई ब्येस होती, ढकलणारी बाई आपल्यातलीच वाटत होती. मी विचारलं, आज अंगारकी आहे हे तुम्हाला माहीत होतं का? त्या म्हणाल्या, माहीत होतं की. म्हटलं, चतुर्थी विमानात होईल, रात्री चंद्र निघंल, खिडकी हाय, बघून सोडू. सकाळी उतरताना खिडकीतून चंद्र दिसलापण होता, पण तो मावळायला आलेला. मावळत्या चंद्राला नैवेद्य कसा दाखवायचा म्हणून गप्प बसले. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. रात्र वेळेवर येणार नाही, हे कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं.

मी सांगितलं. तुम्ही ऊसतोड टोळीच्या ट्रकमधून जाताना शेजारी दुसरा ट्रक तेवढ्याच वेगानं चालला की तो जागीच उभा वाटतो ना? आता विमान सूर्याच्या मागं मागं जाणार, म्हणून सूर्य लवकर बुडणार नाही. चंद्र निघेल तेव्हा बीडमध्ये उद्याची सकाळ असेल. त्या मग म्हणाल्या, निघंल तवा निघंल, दम हाय मला. मी विचारलं, गोळी घेतली का? घेतली होती, हातावरचं घड्याळ बघून, बरोबर आठला.

मग माझा तोल गेला. मी तशी तापट आहेच. त्यांना म्हटलं, तुम्ही तिथं पडलात तर तुमची लेक एकटी बाळंत होईल. तिला आई पाहिजे का तुमचा नवस पाहिजे? बोलून गेले आणि जीभ चावली.

"दोनी पायजेत," सुंदराबाई म्हणाल्या.

शांतपणे म्हणाल्या. रागानं बोलल्या असत्या तर मी भांडले असते. माझे डोळे भरून आले आणि डोकं मात्र ताळ्यावर आलं. आईही पाहिजे आणि नवसही पाहिजे, एवढंच तर ती बाई मागत होती. माणसांना दोन्हीकडं वेळेवर पोचवणं हाच माझा धंदा.

मी विचारलं, "सुंदराबाई, नवस कुठं बोललात?"

"आमच्या गावच्या गनपतीम्होरं."

"त्याच्या देवळावर चंद्र कधी निघतो आज?"

"तुमच्या कॅलेंडरात काय लिवलंय?"

"सव्वानऊ. आणि तुमच्या हातावर घड्याळ कुठलं आहे?"

"बीडचं."

मी म्हटलं, न्यूयॉर्कच्या चंद्राशी तुमचं काही बोलणं झालेलं नाही. ज्याच्यापुढं बोललात त्याच्या डोक्यावर चंद्र निघाला की तुमचा उपवास सुटला. पावसाळ्यात ढगाआड असला तरी कॅलेंडर बघून सोडताच ना, आता मध्ये ढगाच्या जागी समुद्र आहे असं समजा. हे त्यांना पटत आलं, पण एक शंका राहिली. ढग असले तरी घरचं कुणीतरी बाहेर जाऊन आभाळाकडं बघून येतं. कुणीच बघितलं नाही, असं होत नाही. मालकाचे गुडघे असे, घराच्या माळवदावर चढवत नाही. मी म्हटलं, मी बघते. तुमच्या वाटणीचा चंद्र मी बघते.

"तुमी काय खाल्लं का आज?" त्यांनी विचारलं.

मी डब्याकडं पाहिलं. सकाळच्या चहानंतर काहीच पोटात गेलं नव्हतं. तसं सांगितलं. "मग चालतंय," त्या म्हणाल्या. "पर बगूस्तोवर खाऊ नगा. उपाशी मानसानंच बगावा लागतो."

मग पुढचं पक्कं ठरवलं. विमानात जेवण साडेसातच्या सुमाराला देतील आणि थोड्या वेळानं ताटं उचलतील. त्यातलं फळ, पाव, दही काढून पिशवीत ठेवायचं, घरून बांधून आणलेल्या दशम्या आणि गूळ जवळ होताच. छोटा काटा नवाच्या पुढं आणि मोठा काटा तीनवर आला की गुळाचा खडा नैवेद्य म्हणून दाखवायचा आणि जेवायचं. बाहेर ऊन असलं तरी. आणि त्याआधी हात थरथरले, घाम सुटला, तर लगेच गूळ तोंडात टाकायचा, त्याचं पाप माझ्या माथी. मग त्या पंजाबी मावशीशी बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विमानाच्या दारापर्यंत जाऊन आतल्या मुलींना सांगते म्हणाली. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

रात्री नवाला मी गच्चीवर गेले. हातात गुळाची वाटी आणि पाणी. सत्तावीस वर्षांत मी कुठलाही उपवास धरलेला नाही, ह्यांना नवल वाटलं. पूर्वेकडं बघते तर ढग. थंडीच्या दिवसांत अवकाळी ढग. सव्वानऊ वाजले. तिकडं समुद्रावर भर उन्हात एका खिडकीशी सुंदराबाई गूळ हातात घेऊन बसली असणार. तिनं माझ्या शब्दावर घास घेतला असणार, आणि मी ज्या चंद्राचा शब्द दिला तो मला दिसत नव्हता. मी आजवर प्रवाशाला वेळ चुकीची सांगितलेली नाही, आणि आज देवाच्या कामात ही पाळी आली. हे खालून म्हणाले, कॅलेंडरात वेळ झाली ना, चल जेवायला, गारठा आहे. मी गेले नाही. बघते म्हणून कबूल केलं होतं. साडेदहाला ढग जरासे सरकले आणि चंद्र दिसला, पाव-अर्धा मिनिट. मी गूळ दाखवला, पाणी सोडलं आणि खाली येऊन जेवले. इतकी गोड भाकरी मी आयुष्यात खाल्ली नाही.

पहाटे जावयाचा फोन आला. आई पोचल्या, साखर तपासली, ठीक आहे. विमानातल्या मुलींनी सव्वानऊच्या वेळेला त्यांना पाणी आणि केळं आणून दिलं होतं म्हणे. चौथ्या दिवशी मनीषाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्या दिवशी दुकानात जो आला त्याला मी पेढा दिला, नुसती चौकशी करायला आलेल्यालासुद्धा.

आता तिकिटं लोक मोबाइलवर काढतात. माझं बाकडं बरेचदा रिकामं असतं. वाईट वाटतं, पण तक्रार नाही, पोरांना सोयीचं पडतं. मात्र आईला एकटीला पाठवायचं असलं की अजून माझ्याकडंच येतात. गोलाशेजारी मी कॅलेंडर टांगलं आहे आणि फॉर्म भरताना नावानंतर पहिला प्रश्न विचारते, उपवास कुठले धरता? अजून कुठल्या मोबाइलला हा प्रश्न विचारता येत नाही.

सहा महिन्यांनी सुंदराबाई परत आल्या. दुकानात येऊन आधी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. काटे बीडच्याच वेळेवर होते, सहा महिने हलवले नव्हते. नातीचे फोटो दाखवले, खुर्चीची गोष्ट स्वतःच सगळ्या गावाला सांगितल्याचं कबूल केलं. मग मी सांगून टाकलं. मनात ठेवून जड झालं होतं. म्हटलं, सुंदराबाई, त्या दिवशी सव्वानऊला ढग होते. तुम्ही जेवलात तेव्हा मला चंद्र दिसलेला नव्हता. साडेदहाला दिसला.

त्या म्हणाल्या, माहीत हाय. मालकानं फोनवर सांगितलं होतं, इकडं बी ढगच होतं. मग माझ्याकडं बघत विचारलं, "तवर तुमी जेवला न्हवता न्हवं?"

"नाही."

"मग झालं की. ईस माज्या आन् एकविसावी तुमची." आणि उठल्या. "चला, नवस फेडायला दोघींनी जायला पायजे."

मी म्हटलं, दुकान? त्या म्हणाल्या, दुकान कुठं उडून चाललंय. पिशवीत एकवीस मोदक घेऊनच आल्या होत्या. मी शटर ओढलं. स्टँडवर गाडी लागलेली होती. त्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि टेबलावरून उचलून आणलेलं घड्याळ परत आपल्या मनगटावर बांधलं. कंडक्टर आला तशी मी सवयीनं पर्स उघडली. सुंदराबाईंनी माझा हात खाली दाबला.

"दोन चौसाळा," त्या कंडक्टरला म्हणाल्या, "आन् ह्यांचं मी काढनार."

गाडीनं मांजरसुंबा मागं टाकलं तरी ते तिकीट माझ्या मुठीतच होतं. सत्तावीस वर्षांत दुसऱ्या कुणी काढलेलं माझं ते पहिलं तिकीट. अजून जपून ठेवलं आहे, गोलाच्या खाली.